'कर कमी करा' म्हणणारी संघटना नेमकी कुणाची? पावती फाडण्याआधी विचारायचे पाच प्रश्न



बुरोंडीच्या शिबिरात दुसऱ्या दिवशीचा विषय होता 'मालाची किंमत कशी काढायची'. बुरोंडी म्हणजे दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं मासेमारीचं गाव, परशुरामाचा मोठा पुतळा आहे तेच. हॉलमध्ये तीसेक जण होते. सुकी मासळी विकणाऱ्या ताई, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ पाहणारं एक जोडपं, आंबा-काजूवाले, आणि आमसूल, आगळ, कोकम सरबत करणारा एक तरुण.

मी फळ्यावर एकेक खर्च लिहीत होतो. कच्चा माल, मजुरी, बाटली, लेबल, वाहतूक. मग 'कर' लिहिलं, तर तो कोकमवाला तरुण म्हणाला, "सर, ती ओळ सोडा. ती जाणारच आहे."

"कुठे जाणार?"

त्याने मोबाइल पुढे केला. कुठल्याशा संघटनेचा मेसेज होता. लहान उद्योगांवरचे कर लवकरच जवळपास संपणार, आम्ही वर पाठपुरावा करतोय, आम्ही कुठल्याही पक्षाचे नाही, सदस्यत्व फक्त अकराशे रुपये. आणि खाली लिहिलं होतं, 'मंत्रालयात आपली माणसं आहेत.'

आता गंमत बघा. एकाच मेसेजमध्ये 'आम्ही कुणाचे नाही' आणि 'वर आपली माणसं आहेत' ही दोन्ही वाक्यं! पण खरं दुखणं पुढे होतं. 'कर जाणारच आहे' म्हणून या मुलाने आठ महिने जीएसटी नोंदणीच केली नव्हती. पणजीच्या एका दुकानदाराने त्याच्या सरबताची मोठी ऑर्डर द्यायची तयारी दाखवली आणि पक्कं बिल मागितलं. बिल नव्हतं. ऑर्डर गेली.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग सर, ते अकराशे भरायचे की नाही?"

खरं सांगतो, त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिलं. 'जरा चौकशी करा' म्हणालो. पण चौकशी करायची म्हणजे नक्की काय विचारायचं? ते शिकवायचं राहिलं. आजचा व्हिडिओ आणि हा लेख म्हणजे त्या काकूंना द्यायचं राहिलेलं उत्तर.

आधी दोन शब्द समजून घेऊ

कर कमी व्हावेत म्हणून काम करणाऱ्या संस्था दोन प्रकारची कामं करतात.

पहिलं काम अभ्यासाचं. आकडे गोळा करायचे, पुस्तिका काढायच्या, भाषणं करायची, लोकांना अर्थसंकल्प समजावून सांगायचा. याला थिंक टँक म्हणतात. आपण अभ्यासगट म्हणू.

दुसरं काम पाठपुराव्याचं. मंत्र्यांना निवेदन द्यायचं, अधिकाऱ्यांना भेटायचं, वेळ आली तर बंद पुकारायचा. हा दबावगट.

बऱ्याच संस्था दोन्ही करतात आणि त्यात गैर काहीच नाही. सरकारला आपली अडचण सांगणं हा लोकशाहीतला हक्क आहे. एकटा कोकमवाला दिल्लीत जाऊन सांगू शकत नाही, म्हणून संघटना लागते.

प्रश्न वेगळाच आहे. ती संस्था करदात्यांच्या बाजूने बोलते, की करदात्यांचं नाव घेऊन एखाद्या पक्षाच्या बाजूने बोलते? याचं उत्तर कसं शोधायचं? तीन खरी उदाहरणं बघू. तिन्ही आपल्या महाराष्ट्रातली.

उदाहरण पहिलं: फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ, मुंबई

१९५६ साल. जानेवारीत सरकारने आयुर्विमा व्यवसाय ताब्यात घेतला. एप्रिलमध्ये नवं औद्योगिक धोरण आलं आणि महत्त्वाचे बरेच उद्योग सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवले गेले. खासगी धंद्याबद्दल चांगलं बोलणं तेव्हा फॅशनच्या बाहेर होतं. अशा वेळी ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही संस्था काढली.

श्रॉफ लहान माणूस नव्हते. १९४४ ची प्रसिद्ध 'बॉम्बे योजना' तयार करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्सची परिषद झाली, त्यात भारताच्या शिष्टमंडळात आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख होते, तसे श्रॉफही होते. पुढे देशमुख अर्थमंत्री झाले आणि विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यांच्याच काळात झालं. श्रॉफ विरोधात उभे राहिले. एकाच शिष्टमंडळातली दोन माणसं, पण मतं वेगळी.

फोरमने सुरुवातीपासून सांगितलं, आम्ही कुठल्याही पक्षाचे नाही. असं सगळेच सांगतात, कसोटी लागली ती तीन वर्षांनी. १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. कमी कर, कमी परवाने, खासगी उद्योगाला मोकळीक, म्हणजे विचार जवळपास फोरमचेच! दोन्हीकडे ओळखीची माणसं, एकमेकांकडे जाणं-येणं. फोरमला त्या पक्षाची शाखा होणं अगदी सोपं होतं. तरी फोरम वेगळा राहिला. पुस्तिका आणि भाषणं हेच त्याचं काम राहिलं.

याचा फायदा काय झाला ते बघा. स्वतंत्र पक्षाला १९६७ मध्ये लोकसभेच्या ४४ जागा मिळाल्या. १९७१ मध्ये त्या ८ वर आल्या. १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. संपला विषय. फोरम मात्र राहिला. पक्षाच्या होडीला दोर बांधला असता, तर होडीबरोबर तोही बुडाला असता.

याहून मोठी गंमत पुढे आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं. अर्थमंत्री झाले एच. एम. पटेल, म्हणजे पूर्वाश्रमीचे स्वतंत्र पक्षाचे नेते. त्यांनी आयकरावरचा अधिभार १० टक्क्यांवरून १५ टक्के केला. १९७९ मध्ये चरणसिंग अर्थमंत्री झाले, तेच ज्यांच्या लोकदलात स्वतंत्र पक्ष गेला होता. त्यांनी अधिभार २० टक्के केला. आयकराचा वरचा दर ६६ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेला.

म्हणजे विरोधी बाकांवर असताना 'कर कमी करा' म्हणणाऱ्या परंपरेतली माणसं तिजोरीजवळ गेली आणि कर वाढला. मी कुणाला दोष देत नाही. तिजोरी सांभाळणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतात. पण म्हणूनच पक्षाच्या बाहेर उभं राहून 'हे चुकतंय' म्हणणारा कुणीतरी लागतो.

पालखीवाला आणि एक अवघड प्रश्न

श्रॉफ १९६५ मध्ये गेले. १९६८ पासून फोरमचं अध्यक्षपद नानी पालखीवाला यांच्याकडे आलं. त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं तुम्ही ऐकली नसतील, पण वडिलांना विचारा. १९५८ मध्ये मुंबईतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ती सुरू झाली आणि पुढे इतकी गर्दी होऊ लागली की ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. करावरचं भाषण ऐकायला हजारो लोक क्रिकेटच्या मैदानावर!

लोक येत होते, कारण करही तसाच होता. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर किती होता माहीत आहे? ८५ टक्के कर, त्यावर १५ टक्के अधिभार, मिळून ९७.७५ टक्के. दोन लाखांच्या वर कमावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले ९७ रुपये ७५ पैसे सरकारचे. हातात सव्वादोन रुपये. अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. इतका दर असला की लोक कर भरण्यापेक्षा लपवतात, असं सरकारनेच नेमलेल्या वांच्छू समितीने सांगितलं आणि दर ७५ टक्क्यांपर्यंत आणण्याची शिफारस केली. १९७४ च्या अर्थसंकल्पात चव्हाणांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला. म्हणून एखादी संघटना 'अमुक कर आम्हीच कमी केला' म्हणाली, तर श्रेय किती जणांत वाटायचं हेही बघा.

आता पालखीवाला स्वतंत्र होते का? दोन्ही बाजू बघू.

जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात त्यांचे वकील पालखीवालाच होते. दोनच दिवसांत आणीबाणी लागली आणि त्यांनी ते वकीलपत्र परत केलं. पंतप्रधानांचं काम सोडणं, तेही आणीबाणीत, याला छाती लागते.

दुसरी बाजू. १९७७ मध्ये जनता सरकारने त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं आणि ते १९७९ पर्यंत तिथे होते. म्हणजे आपण वर बघितलेली अधिभाराची वाढ झाली, त्या काळात ते त्याच सरकारचे प्रतिनिधी होते. मग स्वातंत्र्याचं काय? प्रश्न रास्त आहे.

माझं उत्तर असं. माणसाने पद घेतलं एवढ्यावरून निकाल लावू नका. पद सुटल्यावर तो काय बोलतो ते बघा. पालखीवाला परत आले, पुन्हा मैदानात उभे राहिले आणि आलेल्या सरकारांचे अर्थसंकल्प तपासत राहिले. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारात विश्वनाथ प्रताप सिंग यांनी आयकराचा वरचा दर ५० टक्क्यांवर आणला, तेव्हा त्या अर्थसंकल्पाचं त्यांनी मोकळेपणाने स्वागत केलं. सरकार काँग्रेसचं होतं, ज्या पक्षाच्या धोरणांवर त्यांनी आयुष्यभर टीका केली त्याचं. मोजपट्टी करधोरणाची होती, पक्षाची नव्हती.

अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. श्रॉफ टाटा सन्सचे संचालक होते, पालखीवालाही टाटा समूहात वरच्या पदांवर होते. 'ही मोठ्या उद्योगपतींची संस्था' अशी टीका फोरमवर व्हायची. म्हणजे पक्षापासून स्वतंत्र असणं आणि पैशापासून स्वतंत्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणून दुसरी असतेच असं नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

उदाहरण दुसरं: एलबीटीची लढाई

फोरम हा मुख्यतः अभ्यासगट. आता दबावगट बघू.

आपल्याकडे शहरांच्या नाक्यांवर जकात होती. ती काढून सरकारने महापालिकांमध्ये स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आणला. १ एप्रिल २०१३ पासून पुणे, ठाणे अशा मोठ्या शहरांत तो लागू झाला आणि व्यापारी रस्त्यावर आले. दुकानं बंद, मोर्चे, निवेदनं. नाक्यावरची रांग गेली, पण हिशेबाची कटकट आणि तपासणीची भीती दुकानात आली, असं व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. विरोधी पक्षांनी एलबीटी घालवण्याचं आश्वासन दिलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये सत्ता बदलली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेलाही गेला.

व्यापारी जिंकले का? हो, जिंकले. पण महापालिकेचे दिवे, पाणी, पगार हे खर्च कुठे गेले होते? ते तिथेच होते. महापालिकांची भरपाई राज्याच्या तिजोरीतून करावी लागली. राज्याची तिजोरी म्हणजे तुम्ही-आम्ही. बुरोंडीत महापालिका नाही आणि एलबीटी कधी नव्हताच, पण राज्याच्या तिजोरीत बुरोंडीकरांचाही पैसा असतोच ना?

दबावगटाने निवडणुकीच्या तोंडावर पक्षांकडून आश्वासन घेणं हे पक्षाला विकलं जाणं नव्हे. आश्वासन सगळ्यांकडून मागावं. खरी परीक्षा निवडणुकीनंतर असते. आश्वासन देणारा पक्ष सत्तेत आला आणि विसरला, तर संघटना त्याच जोरात पुन्हा बंद पुकारते का? की 'आपलंच सरकार आहे, जरा सांभाळून घेऊ' म्हणते? तुमची संघटना यातली कुठली, हे तुम्हीच तपासायचं.

उदाहरण तिसरं: अर्थक्रांती

हे नाव तुम्ही नक्की ऐकलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज ऐकलंय! अनिल बोकील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रस्ताव. थोडक्यात असा: आयात शुल्क सोडून सगळे कर रद्द करा. त्याऐवजी बँकेत जमा होणाऱ्या रकमेवर ठरावीक व्यवहार कर कापा. मोठ्या किमतीच्या नोटा टप्प्याटप्प्याने बंद करा. रोख व्यवहारांना मर्यादा घाला.

प्रस्ताव पटो न पटो, वेगवेगळ्या पक्षांच्या लोकांपुढे तो अनेक वर्षं मांडला गेला. २०१३ मध्ये बोकील यांनी तेव्हाचे गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनाही तो सांगितला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या आणि अर्थक्रांतीचं नाव घरोघरी पोहोचलं.

पण प्रस्ताव आणि निर्णय शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रस्तावात मोठ्या नोटा हळूहळू काढायच्या होत्या. प्रत्यक्षात त्या एका रात्रीत गेल्या आणि २००० ची त्याहून मोठी नोट आली. प्रस्तावात कर रद्द व्हायचे होते. प्रत्यक्षात आठ महिन्यांनी जीएसटी आला. आपला पूर्ण प्रस्ताव सरकारने स्वीकारलेला नाही, असं बोकील यांनीही तेव्हा माध्यमांना सांगितलं.

यातून धडा काय? अभ्यासगटाने आपला आराखडा कुठल्याही पक्षाला दिला तरी सरकार त्यातला सोयीचा तुकडा उचलतं. स्वतंत्र संस्थेने अशा वेळी 'आमचं यातलं इतकं आहे आणि इतकं नाही' हे स्पष्ट सांगायला हवं. गप्प बसली तर श्रेय गेलं की श्रेय जातं, आणि खापर फुटलं की तेही हिच्याच डोक्यावर.

आणि आपल्यासाठी धडा वेगळा. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. आपला कोकमवाला मित्र इथेच फसला. कुणीतरी मांडलेला विचार त्याने लागू झालेला नियम समजला.

हे फक्त आपल्याकडेच नाही

ब्रिटनमध्ये २००४ पासून 'टॅक्सपेयर्स अलायन्स' नावाची संस्था आहे. कर कमी करा, सरकारी उधळपट्टी थांबवा, ही तिची मागणी. आम्ही कुठल्याही पक्षाचे नाही, असं तीही सांगते. तिच्या संस्थापकांपैकी मॅथ्यू एलियट पुढे युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख झाले आणि हुजूर पक्षाच्या माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या शिफारशीने ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात गेले. देणगीदारांची नावं सांगत नाही, ही त्या संस्थेवरची नेहमीची टीका. म्हणजे प्रश्न तिथेही तेच: पैसा कुणाचा आणि माणसं जातात कुठे?

पावती फाडण्याआधी पाच प्रश्न

बुरोंडीच्या शिबिरात सुक्या मासळीवाल्या एका ताईंनी जे सांगितलं, तिथूनच सुरू करतो. त्या म्हणाल्या, "बंदरावर लिलाव पुकारणारा कितीही गोड बोलू दे. तो पैसे कुणाकडून घेतो ते बघायचं, मग भाव कुठे जाणार ते कळतं." एवढं नेमकं मला व्यवस्थापनाच्या कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

१. पैसा कुठून येतो? संस्था न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते आणि हिशेब द्यावे लागतात. ना-नफा कंपनी असेल तर तिचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे जातात. नोंदणी क्रमांक मागा. मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. हजार सभासदांच्या वर्गणीवर चालते, की दोन-तीन मोठ्या देणगीदारांवर? मोठा देणगीदार असणं गुन्हा नाही, पण तो लपवणं हे लक्षण चांगलं नाही. आणि वर्गणीची छापील पावती मिळत नसेल तर विषय तिथेच संपवा.

२. सरकार बदललं तेव्हा सूर बदलला का? ही सगळ्यांत सोपी परीक्षा. संस्थेची जुनी निवेदनं काढा. एक आधीच्या सरकारच्या काळातलं, एक आताच्या. सारख्याच प्रकारच्या करवाढीवर दोन्ही वेळा काय म्हटलंय? एकदा 'जनतेची लूट' आणि एकदा 'देशहितासाठी कठोर निर्णय' असं दिसलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

३. पदाधिकारी कुठून आले आणि कुठे गेले? अध्यक्ष एखाद्या पक्षाचा पदाधिकारी आहे का? मागचा अध्यक्ष तिकीट घेऊन उभा राहिला होता का? राहिला असेल तर लगेच फुली मारू नका. संस्थेत असताना पक्षाच्या विरोधात बोलला होता का, ते विचारा. निवडणुकीच्या आठवड्यात संघटनेच्या ग्रुपवर 'यांनाच मत द्या' असा मेसेज येत असेल, तर मात्र ती पक्षाचं काम करतेय.

४. कमी झालेला पैसा कुठून भरायचा, हे सांगते का? 'सगळे कर रद्द' म्हणणं सोपं आहे. रस्ता, शाळा, बंदरावरची जेटी कशातून होणार? जी संस्था या प्रश्नाचं उत्तर देते, भले ते तुम्हाला पटो न पटो, तिने अभ्यास केलाय. जी फक्त टाळ्या घेते, तिने नाही.

५. मागणी तुमच्या कामाची आहे का? हा प्रश्न लोक विसरतातच. १९७३ चा तो ९७.७५ टक्के दर अन्याय्य होता, पण तो कोकणातल्या मासळीवालीला लागत नव्हता. तिच्या अडचणी वेगळ्या होत्या. 'कर कमी करा' या एका वाक्यात मोठ्या कंपनीची मागणी आणि तुमची मागणी एकाच पिशवीत भरलेली असते. पिशवी उघडून बघा.

आता तुमच्या धंद्याकडे

पाचव्या प्रश्नाचं एक ताजं उदाहरण देतो. १ एप्रिल २०१९ पासून माल विकणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात २० लाखांवरून ४० लाखांची उलाढाल अशी झाली. कंपोझिशन योजनेची मर्यादा दीड कोटी झाली. लहान व्यापाऱ्यांना यातून मोठा दिलासा मिळाला.

पण आपल्या कोकमवाल्याला? त्याची उलाढाल ४० लाखांच्या आसपासही नव्हती. 'मग मला नोंदणी कशाला?' हा त्याचा प्रश्न होता. इथे बारीक अक्षर वाचायचं असतं. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर ही ४० लाखांची सूट चालत नाही, नोंदणी लागतेच. पणजी म्हणजे गोवा, गोवा म्हणजे दुसरं राज्य. कंपोझिशन घेतलं असतं तरी परराज्यात विक्री करता आली नसती. दापोलीत, चिपळूणात, पुण्यात विकणाऱ्याला जी सूट पुरते, ती पणजीत विकणाऱ्याच्या कामाची नाही.

म्हणजे त्याने संघटनेकडे मागायचं काय होतं? 'सगळे कर रद्द करा' हे नव्हे. 'परराज्यात थोडा माल पाठवणाऱ्या छोट्या उत्पादकाची नोंदणी आणि विवरणपत्रं सोपी करा' ही त्याची खरी मागणी. संघटना ती लावून धरत असेल, तर अकराशे रुपये कमीच आहेत. नसेल, तर त्या अकराशे रुपयांत चांगली लेबलं छापून होतील.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा.

एक, किंमत काढताना आज लागू असलेला कर धरा. घोषणेतला, भाषणातला, मेसेजमधला कर धरू नका. उद्या कमी झाला तर फायदा तुमचाच आहे.

दोन, नोंदणीचा निर्णय उलाढाल, माल आणि गिऱ्हाईक कुठे आहे यावर घ्या. एकदा करसल्लागाराला विचारा. त्याची फी गेलेल्या ऑर्डरपेक्षा नक्कीच कमी असते.

तीन, संघटनेत जरूर जा. मी संघटनेच्या विरोधात मुळीच नाही. एकट्याचं कुणी ऐकत नाही. पण सभासद होऊन गप्प बसू नका. वार्षिक सभेला जा, ताळेबंद विचारा, आपली मागणी ठरावात लिहून घ्या. संस्था स्वतंत्र राहते ती सभासद प्रश्न विचारतात म्हणून. सभासद झोपले की बाहेरचा कुणीतरी ती चालवायला घेतो.

स्वतंत्र म्हणजे कुणाशी न बोलणारा असं नाही. सगळ्यांशी बोलायचं, पण कुणाचंही राज्य असलं तरी तेच बोलायचं. आणि आपला माणूस सत्तेत गेल्यावर त्यालाही तेच ऐकवायचं.

आजचा गृहपाठ

तुम्ही ज्या व्यापारी किंवा उद्योजक संघटनेत आहात, किंवा जायचा विचार करताय, तिच्यासाठी वरचे पाच प्रश्न एका कागदावर लिहा आणि समोर उत्तर लिहा. ज्याचं उत्तर माहीत नाही तिथे जागा रिकामी सोडा. मग तो कागद घेऊन संघटनेच्या कचेरीत जा आणि रिकाम्या जागा तिथेच भरून घ्या. ते चिडले, तर तेही एक उत्तरच आहे.

आणि हो, त्या कोकमवाल्या मित्राने शिबिरानंतरच्या आठवड्यात नोंदणीचा अर्ज केला. पणजीची ऑर्डर काही परत आली नाही. पण आता त्याच्या किमतीच्या तक्त्यात 'कर' ही ओळ आहे, आणि पुढच्या कोकमाच्या हंगामात पक्कं बिल हातात घेऊन तो पुन्हा पणजीला जाणार आहे.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा!